स्लोला बंद पडणारी मोटारसायकल



ऊस विकास विभागाच्या पानावर खोडकीड, हुमणी, बेणेप्रक्रिया सोडून मोटारसायकल कुठून आली, असे काहींना वाटेल. पण आज उसाचे निम्मे काम मोटारसायकलवरच चालते. लागवडीची नोंद द्यायला गट ऑफिसला जायचे, तोडीची तारीख विचारायला जायचे, टोळीच्या मुकादमाला गाठायचे, रात्री लाईट आली की पंप चालू करायला मळ्यात जायचे, सगळे तिच्यावर. आम्ही शेती खात्याची माणसेही दिवसभर तिच्याच पाठीवर असतो. बांधावर प्लॉट पाहून झाला की कोणी ना कोणी विचारतोच, "साहेब, गाडी पळते झकास, पण थांबलो की बंद पडते. काय करावं?" अलीकडे हा प्रश्न वाढला आहे, आणि त्यात आता साखर कारखान्यांच्या इथेनॉलचे नाव जोडले जाऊ लागले आहे. म्हणून हा विषय मुद्दाम घेतला.

आधी दुखणे नीट ओळखू या. रेस दिलेली असताना गाडी सरळ चालते, चढ चढते, दोन माणसे आणि खताचे पोते ओढते. रेस सोडली की इंजिन दोन-चार गचके खाते आणि बंद पडते. मेकॅनिक मंडळी याला "गाडी स्लो धरत नाही" म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटते. पण हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एकामागे एक येत असतात. शेतरस्त्यावरून डांबरीला लागताना वळणावर आपण रेस सोडतो, आणि नेमकी तिथेच गाडी बंद पडते. भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ब्रेक लावला म्हणून जागच्या जागी थांबत नसतो. मागे घरची मंडळी बसलेली, टाकीवर पोर बसलेले, आणि आपण भर रस्त्यात किक मारत उभे. हे चित्र डोळ्यासमोर आणा, म्हणजे या दुखण्याकडे का लक्ष द्यायचे ते कळेल.

आता आपण बहुतेक जण काय करतो? कार्बोरेटरच्या बाजूचा स्लोचा स्क्रू अर्धा-एक फेरा आवळतो. गाडी बंद पडायची थांबते, काम झाले असे वाटते. खरे म्हणजे काहीच झालेले नसते. त्या स्क्रूने थ्रॉटल किंचित उघडा राहतो, म्हणजे आपण हाताने रेस धरून ठेवायची तीच स्क्रूने धरून ठेवली. पेट्रोल जास्त जाते, पहिला गिअर टाकताना खाड् आवाज येतो, उतारावर इंजिनाचा रोध कमी पडून ब्रेकवर ताण येतो. आणि महिन्या-दीड महिन्यात गाडी पुन्हा बंद पडू लागते, कारण मूळ कारण वाढतच असते. ऊस पिवळा पडला की कारण न पाहता युरिया टाकायचा, त्यातलाच हा प्रकार. पान चार दिवस हिरवे दिसते, मुळाशी हुमणी तशीच.

स्लो कशावर चालतो

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन. मोठी वाट मेन जेटची, रेस दिली की ती काम करते. छोटी वाट स्लो जेटची, रेस सोडलेली असताना इंजिन तेवढ्यावरच जगते. आपल्या ठिबकच्या भाषेत सांगायचे तर मेन जेट म्हणजे सबमेन, आणि स्लो जेट म्हणजे ड्रीपर. विहिरीचे पाणी गढूळ असले तर आधी काय चोंदते? सबमेन नव्हे, ड्रीपर. तसेच इथे. स्लो जेटचे भोक मिलिमीटरच्याही काही भागाएवढे असते, सुईचे टोकही त्यात धड जात नाही. पेट्रोलातला एखादा गंजाचा कण किंवा वाळलेल्या पेट्रोलाचा चिकट थर तेवढ्याला पुरतो. मेन जेट मोकळा असल्यामुळे गाडी पळते मात्र छान, आणि मालक म्हणतो, "इंजिन तर ओके आहे!"

या स्लो जेटमधून आलेल्या पेट्रोलात ठराविक हवा मिसळावी लागते. ते प्रमाण जुळवायला दुसरा एक छोटा स्क्रू असतो. बोलताना त्याला सगळे एअर स्क्रूच म्हणतात. तो आणि स्लोचा स्क्रू वेगळे, हे लक्षात ठेवा. निम्मे घोटाळे या दोघांची अदलाबदल केल्याने होतात.

पेट्रोल कमी पडले तरी इंजिन बंद, जास्त झाले तरी बंद, भलतीकडून हवा शिरली तरी बंद, ठिणगी कमजोर असली तरी बंद, व्हॉल्व्ह नीट मिटत नसले तरी बंद. मंद फिरताना इंजिनाजवळ शिल्लक जोर असा नसतोच. ओळखीच्या १०० सीसी गाडीचे इंजिन स्लोला मिनिटाला साधारण १,४०० फेरे फिरते. त्या वेळी एक-दोन ठिणग्या वाया गेल्या तरी ते गळून पडते. रेस दिलेल्या इंजिनाला हेच दोष जाणवतही नाहीत. म्हणून "स्लो धरत नाही" हे दुखणे एकच, पण मुळे अनेक. मूळ शोधायला पाना लागत नाही, चार प्रश्न पुरतात.

गाडी सकाळी गार असताना बंद पडते, की दहा मैल चालून गरम झाल्यावर? चोक ओढल्यावर स्लो धरते का? हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवले तर इंजिनाचा आवाज बदलतो का? आणि हे कधीपासून सुरू झाले: पावसानंतर, धुतल्यानंतर, पंप बदलल्यानंतर, की बरेच दिवस उभी राहिल्यानंतर? मेकॅनिककडे गाडी नेताना एवढी माहिती दिली तरी त्याचा अर्धा दिवस आणि आपले पैसे वाचतात. आपण मात्र नुसते "बघा जरा" म्हणून किल्ली देतो आणि चहाला जातो.

सायवनकडची गोष्ट

शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व मला उसाच्या भागात नव्हे, पार तिकडे डहाणू तालुक्यात कळले. माझी सासुरवाडी सायवनकडची. पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटीहून कासा, आणि कासावरून आत सायवन. डहाणूचे नाव निघाले की लोकांना घोलवडचे चिकू आठवतात, पण ती झाली किनाऱ्याकडची बाग. सायवनकडे डोंगर, भाताची खाचरे, नागली-वरईचे तुकडे आणि मुख्यतः वारली वस्ती. उसाचे नावही नाही. पण एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे दसरा-दिवाळीला बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, तशी त्या भागातली पुष्कळ कुटुंबे भात झोडून झाले की वीटभट्ट्यांवर आणि इतर मजुरीला बाहेर पडतात. घर बंद, आणि ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याची मोटारसायकल पडवीत उभी. माणसे येतात होळीला, नाहीतर चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला, आणि काही तर पावसाच्या तोंडावर.

परत आल्यावर पहिले काम म्हणजे गाडी बाहेर काढणे. पंधरा-वीस किकांनी ती चालू होते, जत्रेलाही जाते, आणि चौकात रेस सोडली की बंद. तिथल्या रस्त्यालगतच्या एका मेकॅनिककडे मी त्या दिवसांत सहा गाड्या ओळीने उभ्या पाहिल्या. सगळ्यांची तक्रार एकच. तो कोणत्याच गाडीचे इंजिन उघडत नव्हता. चोक ओढून गाडी चालू करायचा, स्लो धरते का पाहायचा, चोक ढकलायचा, बंद पडली की मान डोलवायचा आणि कार्बोरेटर उतरवायला घ्यायचा. खाली बाऊल काढला की आत तळाशी पिवळट-हिरवट चिकट थर, कुठे पांढरी भुकटी. तो मला म्हणाला, "पेट्रोल आटलं, की त्याचा डिंक होतो. डिंक पहिला बारीक भोकाला धरतो."

त्याची परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे. चोकने हवा कमी होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोलाचा वाटा वाढतो. चोकवर गाडी स्लो धरते आणि चोकशिवाय धरत नाही, याचा अर्थ इंजिनाला स्लोला पेट्रोल कमी पडते आहे, किंवा नको तिथून जादा हवा मिळते आहे. उलट चोक ओढल्यावर आणखी गुदमरून बंद पडत असेल, प्लग काळाकुट्ट निघत असेल, तर पेट्रोल आधीच जास्त आहे: फिल्टर चोंदलेला, चोक अडकलेला, नाहीतर फ्लोटची सुई गळती. एका चोकच्या खटक्याने दुखण्याच्या दोन वाटा वेगळ्या होतात. यासाठी कोणतेही मशीन लागत नाही.

आपल्या भागात अशा उभ्या गाड्या नाहीत असे समजू नका. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, गाडी गोठ्याशेजारी आहेच. टोळीतल्या माणसांच्या गाड्या तिकडे त्यांच्या गावी सहा-सहा महिने उभ्या. नवी गाडी आली की जुनी मळ्यातल्या कामाला ठेवतो, ती आठवड्यातून एकदा निघते.

जेट साफ करायचा तर कार्बोरेटर उतरवून, बाऊल काढून, जेट सोडवून स्प्रेने आणि हवेच्या दाबाने उडवावा. उजेडाकडे धरून पाहिले तर भोक गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. त्यात तार घालू नये. क्लच केबलची एक तार काढून जेट टोचणारे पुष्कळ आहेत. जेट पितळेचा असतो, मऊ. भोक किंचित मोठे झाले की गाडी मग आयुष्यभर पेट्रोल पिते आणि कारण सापडत नाही. आपण ड्रीपर टाचणीने टोचून त्याचा फवारा करून ठेवतो, तसे. जेट अगदीच घट्ट बसला असेल तर नवा घालावा, तो काही फार महाग नसतो. आणि साफ केल्यावर टाकी तशीच गंजकी ठेवली तर आठ दिवसांत पुन्हा तेच. टाकी रिकामी करून तळ पाहावा, कॉकची जाळी धुवावी, पाइपमधला फिल्टर बदलावा.

हे काम उघड्यावर करावे. पाचटाच्या ढिगाजवळ, गोठ्यात, चुलीच्या धगीत नको, आणि त्या वेळी बिडी कोणाच्याच तोंडात नको. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून स्लो जुळवत बसू नये. त्या धुरातला विषारी वायू डोळ्याला दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

इथेनॉलचे काय

आता नाजूक विषयाकडे येतो. "साहेब, ऊस आमचा, इथेनॉल आमचं, आणि गाडीही आमचीच बंद पडते, हा काय न्याय?" असे एका सभासदाने भर मीटिंगमध्ये विचारले, आणि सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले, त्यांतले दोन आपल्या महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आले. पुढे बरीच वर्षे ते रखडत चालले. २०२२ च्या जूनमध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली, आणि २०२५ मध्ये देशभरचे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोचले. आपल्या उसाच्या बिलाला यातून आधार मिळाला. मळी मातीमोल जायची ते दिवस जुन्या सभासदांना आठवत असतील. उसाच्या थेट रसापासून केले तर एक टन उसाचे साधारण ७० लिटर इथेनॉल होते. तेव्हा इथेनॉल नको असे म्हणणारा सभासद मला तरी भेटलेला नाही.

पण म्हणून जुन्या गाडीला त्याचा काहीच त्रास नाही, असे सांगणेही खरे नव्हे. तीन गोष्टी आहेत.

एक, हवेचे गणित. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊच किलो. कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन स्वतःचाच असतो. जुन्या पेट्रोलावर जुळवलेल्या कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकीच हवा देतो, आणि मिश्रण पातळ पडते. रेसवर ते फारसे जाणवत नाही. जाणवते कुठे? स्लोला, आणि तेही सकाळच्या गारठ्यात. म्हणजे ज्या गाडीचा स्लो आधीच काठावर होता, ती नव्या पेट्रोलावर काठावरून खाली पडली. याला उपाय एअर स्क्रूचा पाव ते अर्धा फेरा, एवढाच. त्याला खर्च नाही. पण या एका कारणासाठी सभासदांना नवा कार्बोरेटर गळ्यात मारल्याची उदाहरणे माझ्यासमोर आहेत, म्हणून हे इतके सविस्तर लिहितो.

दोन, पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी त्यात मिसळून जळूनही जाते, ते एका परीने बरेच. प्रमाण वाढले की मात्र इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कॉक तळाशी, म्हणजे इंजिनाला आधी तेच मिळणार. शंका असेल तर परीक्षा सोपी. काचेच्या उंच बाटलीत टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काढा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. सरळ दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. पाणी हवेतून येते त्यापेक्षा झाकणातून जास्त येते. बऱ्याच टाक्यांच्या झाकणाभोवती साचलेले पाणी खाली सोडायला बारीक नळी असते. ती मातीने बुजली की पावसाचे, किंवा गाडी प्रेशरने धुतली की धुण्याचे पाणी टाकीत उतरते. सायवनसारख्या कोकणपट्टीच्या पावसात हा प्रकार नेहमीचा, पण आपल्याकडेही सर्व्हिसिंग सेंटरवर गाडी धुऊन आणली आणि दुसऱ्या दिवशी बंद पडली, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच.

तीन, रबर आणि घाण. जुन्या गाड्यांचे पाइप, ओ-रिंगा, फ्लोटच्या सुईचे रबरी टोक हे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरा पडतात. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतली साचलेली घाण सोडवते, आणि ती खाली फिल्टरात आणि जेटात येऊन बसते. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग २० टक्के मिश्रणाला टिकतील असे केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीला पाइप आणि रिंगा एकदा बदलून घेणे हे शहाणपणाचे.

मायलेजबद्दलही विचारले जाते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलाच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा थोडे कमी मिळणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, साध्या पेट्रोलासाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या दुचाकीला २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांची घट धरलेली आहे. म्हणजे लिटरला ६० देणारी गाडी ५८ च्या आसपास देईल. कोणाची गाडी ६० वरून ४५ वर आली असेल तर त्याने इथेनॉलला शिव्या देण्याआधी एअर फिल्टर उघडून पाहावा. हंगामातल्या रस्त्यांची धूळ, पाचट जाळल्याची काजळी, सगळे तिथे गच्च भरलेले सापडते. स्पंजचा फिल्टर धुता येतो, कागदाचा धुता येत नाही. तो बदलावाच लागतो. कागदी फिल्टर रॉकेलमध्ये बुचकळून वाळत घातलेले मी पाहिले आहेत!

स्लो जुळवण्याची रीत

जेट साफ आहे, पेट्रोल चांगले आहे, फिल्टर मोकळा आहे, एवढे झाल्यावरच स्क्रूला हात लावायचा. आधी गाडी दहा मिनिटे चालवून गरम करून घ्या आणि मेन स्टँडवर लावा. एअर स्क्रू अलगद पूर्ण आत घालून फेरे मोजा आणि कागदावर लिहून ठेवा, म्हणजे फसले तरी परत मूळ जागेवर येता येईल. जोर लावून आवळू नका, त्याचे टोक सुईसारखे असते, दबले की संपले. साधारण दीड ते दोन फेरे बाहेर ही सुरुवात. मग इंजिन चालू करून तो थोडा-थोडा फिरवत जा. एका जागी इंजिनाचा आवाज सगळ्यात मोकळा आणि एकसारखा येतो, ती त्याची जागा. नंतर स्लोच्या स्क्रूने वेग बेताचा करा.

इथे एक खुबी आहे. तो स्क्रू कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवा सोडतो, म्हणून आत घेतला की पेट्रोलाचा वाटा वाढतो. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो, म्हणून बाहेर घेतला की वाढतो. शेजाऱ्याने त्याच्या गाडीवर सांगितलेली दिशा आपल्या गाडीवर उलटी पडते ती यामुळे.

झाले की रेस एकदम देऊन एकदम सोडा. इंजिन खाली येऊन टिकले पाहिजे. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहा. आवाज चढला तर रेसची केबल ताणलेली आहे, तिला थोडा ढिलेपणा हवा.

एवढे करूनही स्लो कधी वर जातो, कधी खाली, एका जागी ठरतच नाही, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरात किंवा रिंगेत चीर असते. तिथून चोरटी हवा शिरते. चालू इंजिनावर त्या सांध्याला थोडे पाणी शिंपडा. आवाज बदलला की चोर सापडला. पेट्रोल शिंपडून पाहणारेही आहेत. ते करू नये, गरम सायलेन्सर तिथून वीतभर अंतरावर असतो.

गार असताना उत्तम आणि गरम झाल्यावर बंद, हे लक्षण टॅपेटचे. आपल्या लोकांना टॅपेटच्या टकटक आवाजाची चीड. मेकॅनिकला सांगून ते आवळून घेतात, गाडी शिवण्याच्या मशीनसारखी चालायला लागते, मालक खूश. गरम झाल्यावर धातू वाढतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब सुटतो आणि स्लो जातो. तसेच चालवत राहिले तर व्हॉल्व्ह जळतो. टॅपेटचा गॅप इंजिन पूर्ण गार असताना, फिलर गेजने, गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच ठेवायचा. कानाने नाही.

प्लग काढून पाहायला तर कोणाचीच मदत नको. टोक विटकरी-तपकिरी असेल तर जळण ठीक, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असेल तर कमी. जुन्या राजदूत, येझदी, बुलेट अजून प्रेमाने सांभाळणारे काही सभासद आपल्यात आहेत. त्यांनी प्लगबरोबर प्लॅटिनम पॉइंटही पाहावेत. तिथे डाग पडले की ठिणगी स्लोलाच आधी दगा देते. टू-स्ट्रोक असेल तर सायलेन्सरमधला कार्बनही काढावा.

आता ज्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही त्यांच्याविषयी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, आणि बहुतेक सगळ्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन पेट्रोलाची पिचकारी आली. तिथे स्लो जेट नाही, एअर स्क्रू नाही. किती पेट्रोल द्यायचे ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो, आणि मिश्रण बदलले तर थोडेफार सांभाळूनही घेतो. म्हणून या गाड्यांची तक्रार कमी. पण बंद पडू लागली तर स्क्रू शोधत बसू नये. आधी बॅटरी पाहावी, कारण ती कमजोर झाली की पंप आणि संगणक दोन्ही अडखळतात. किल्ली फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद घुर्र आवाज येतो का ते ऐकावे. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला असेल तर थेट कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी. टाकी कायम तळाला ठेवून चालवू नये, त्या गाड्यांचा पंप टाकीत बुडालेल्या पेट्रोलावरच थंड राहतो.

बऱ्याच नव्या गाड्यांना साईड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होण्याची सोय असते, आणि तिचा स्विच स्टँडच्या बुडाशी, चिखलाच्या नेमका वाटेवर. गेल्या पावसाळ्यात एक सभासद अशी गाडी ढकलत गट ऑफिसला आले. न्यूट्रलला चालते, गिअर टाकला की बंद. दोन गॅरेज फिरून झाले होते. स्टँड वर होता, पण स्विचभोवती उसाच्या सरीतला काळा चिकणा चिखल वाळून घट्ट बसला होता. शिपायाने बादलीतून दोन तांबे पाणी ओतले, काडीने चिखल काढला, आणि ते त्याच गाडीवर बसून नोंदीची पावती घेऊन घरी गेले.